आधी वारा, मग जाळ

तात्यापारा ही रायपूरची जुनी मराठी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी घराणी छत्तीसगडात आली आणि इथेच मुरली. या घरांचं पुण्या-मुंबईला जाणं-येणं एके काळी गीतांजली आणि आझाद हिंद एक्स्प्रेसच्या वेळापत्रकावर बेतलेलं असे. आता मुलं-नातवंडं तिकडे नोकरीला आहेत आणि सुट्टीतली बरीच वर्दळ पंधराएक किलोमीटरवरच्या माना विमानतळावरून होते. मे महिन्यातल्या दुपारी, पारा ४४-४५ अंशांवर असताना, या प्रवासातल्या दोन-तीन मिनिटांबद्दल हटकून तक्रार ऐकू येते. दार बंद होतं, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलू लागतो आणि ऐन उकाड्यात डोक्यावरून येणारी थंड हवा बंद पडते. सुरक्षेच्या सूचनांचं जाड कार्ड वारा घ्यायला हलू लागतं. एवढे पैसे घेऊन एसीसुद्धा चालवत नाहीत, असं कुणीतरी बोलून जातं. पण ती हवा कुणी काटकसर म्हणून तोडलेली नसते. ती इंजिनाकडे वळवलेली असते, आणि तिकडे ती पुरेशी पोचली नाही तर काही सेकंदांत इंजिन आतून भाजून निघू शकतं. जेट इंजिन सुरू होतानाच प्रमाणाबाहेर का तापू शकतं, हा प्रश्न वरवर आगीचा वाटतो. माझ्या मते तो मुळात हवेचा प्रश्न आहे. हे एकदा ध्यानात आलं, की ज्या गोष्टींना आपण दिरंगाई म्हणून बोल लावतो त्यांतल्या काही इंजिनाच्या जिवाची राखण करत असतात हेही दिसू लागतं.

आगीबद्दलची आपली समजूत चुलीवर घडलेली आहे. फुंकणीने हवा घातली की जाळ भडकतो आणि भांडं अधिक तापतं. जेट इंजिनात नेमकं उलटं घडतं, आणि तिथेच माणसाचा गोंधळ होतो. विमानाचं इंधन रॉकेलच्या जातीचं. ते एक किलो पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. पण चालू इंजिनातून एका किलो इंधनामागे पन्नास-साठ किलो, कधी त्याहूनही जास्त हवा जाते. ही जास्तीची हवा जाळण्यासाठी नसतेच. ज्वलनकक्षाच्या पुढच्या भागात थोड्याशा हवेत इंधन जळतं आणि तिथे ज्योतीचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. टर्बाइनची पाती निकेलच्या ज्या मिश्रधातूंची बनवतात ते १,३०० अंशांच्या पुढेमागे वितळू लागतात. ज्योत जशीच्या तशी पात्यांवर गेली तर ती टिकणारच नाहीत. म्हणून उरलेली हवा कक्षाच्या भिंतीतल्या भोकांतून आत शिरते, भिंतीला आतून अस्तर धरते, ज्योतीच्या वायूत मिसळून त्याला पात्यांना सोसेल इतपत निववते. शिवाय कॉम्प्रेसरमधून वेगळी काढलेली हवा पात्यांच्या पोटातल्या बारीक वाटांनी खेळवली जाते. एवढी राखण करणारी ही हवा पुरवतो इंजिनाचा स्वतःचा कॉम्प्रेसर. त्याला फिरवते टर्बाइन, आणि टर्बाइनला फिरवतो तोच तापलेला वायू. चालू इंजिनात हे चक्र आपलं आपण सांभाळलं जातं. सुरू होताना ते जुळलेलंच नसतं. सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे.

एकच इंजिन जवळून पाहू. आपल्याकडे स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ताफ्यांत दिसणाऱ्या बोइंग ७३७-८०० विमानांवर सीएफएम५६-७बी नावाचं इंजिन असतं. विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं एक छोटं टर्बाइन इंजिन असतं आणि विमान जमिनीवर उभं असताना दाबाची हवा तेच देतं. एरवी ही हवा एसीच्या यंत्रणेला जाते. इंजिन सुरू करायच्या वेळी एसी बंद करून ती सगळी स्टार्टरला देतात. स्टार्टर त्या हवेवर फिरतो आणि गिअरमधून इंजिनाचा आतला, उच्च दाबाचा दांडा फिरवू लागतो. या दांड्याच्या वेगाला एन२ म्हणतात आणि तो टक्क्यांत दाखवला जातो. शंभर टक्के म्हणजे मिनिटाला १४,४६० फेरे. एन२ पंचवीस टक्क्यांवर, म्हणजे साडेतीन हजार फेऱ्यांच्या जरा वर गेला, की वैमानिक इंधनाचा लिव्हर उचलतो. हवा अशक्त असली आणि आकडा पंचविसापर्यंत चढतच नसला, तर तो वाढायचा जवळजवळ थांबेपर्यंत वाट पाहायची आणि निदान वीस टक्के असेल तरच इंधन सोडायचं, असा नियम आहे. इंधन पेटलं की ईजीटी, म्हणजे टर्बाइनमधल्या वायूचं तापमान दाखवणारा आकडा, झपाट्याने वर जातो. टर्बाइनला बळ येतं, पण कॉम्प्रेसर एकटीने ओढण्याइतकं नाही. म्हणून स्टार्टर ५६ टक्क्यांपर्यंत साथ देतो, मग सुटतो, आणि साठ टक्क्यांच्या आसपास इंजिन स्वतःच्या जिवावर फिरत स्थिरावतं. एवढ्या वेळात ईजीटीने ७२५ अंश ओलांडता कामा नयेत. आणि याच इंजिनाला, त्याच आकड्याला, टेकऑफच्या वेळी ९५० अंशांची मुभा असते.

या दोन आकड्यांत मला माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा दिसतो. तापमान हाच शत्रू असता आणि इंधन जास्त होणं हेच कारण असतं, तर भरपूर इंधन जाळणाऱ्या टेकऑफची मर्यादा कडक असायला हवी होती. ती सैल आहे, कारण टेकऑफला हवेची राखण पूर्ण ताकदीने चालू असते. कॉम्प्रेसर निर्माण करतो तो दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग पूर्ण वेगाच्या एक चतुर्थांश असेल, तर दाबातली वाढ ढोबळमानाने सोळाव्या हिश्श्यावर येते. पात्यांच्या पोटातून हवा ढकलायला पुरेसा जोर त्या वेळी नसतो. ज्वलनकक्षात हवा नीट मिसळत नाही, त्यामुळे वायूचे काही झोत सरासरीपेक्षा बरेच तापलेले निघतात आणि ठरावीक जागीच आदळतात. धातू बाहेरून एकदम तापतो, आतून थंड राहतो आणि ताणला जातो. त्यातच तापमान मोजणारी यंत्रणा वायूच्या मागे क्षणभर रेंगाळते, म्हणून आकडा ७२५ दाखवेपर्यंत आत त्याहून जास्त झालेलं असू शकतं. कमी मर्यादा ही या सगळ्याची दखल आहे.

एकदा हे धरलं की हॉट स्टार्टची, म्हणजे सुरू होताना तापमान मर्यादेपलीकडे जाण्याची, म्हणून जी कारणं सांगितली जातात ती एका धाग्यात येतात. एपीयू थकलेलं आहे, हवेची नळी गळते आहे, किंवा छोट्या विमानात बॅटरी उतरलेली आहे: इंजिन पुरेसं फिरत नाही आणि हवा कमी पडते. इंधन घाईने सोडलं: प्रमाणात असलेलं इंधनसुद्धा त्या क्षणीच्या हवेला जास्त होतं. स्टार्टर वेळेआधी सुटला: टर्बाइन एकटी पडते. मागून वारा आहे: तो निकासातून आत घुसून पुढचा पंखा उलटा फिरवू पाहतो आणि हवेची वाट अडते. यांतलं हंग स्टार्ट हे प्रकरण विशेष फसवं. इंजिन पेटतं, वेग थोडा वाढतो आणि मधेच अडकतो. ईजीटी मात्र चढत राहतो. बहुधा कॉम्प्रेसरच्या पात्यांवरून हवा नीट वाहायची थांबलेली असते. मंद वेगात असं होऊ नये म्हणून कॉम्प्रेसरची स्थिर पाती वळती ठेवतात आणि जादा हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा ठेवतात. त्यातलं काही अडकलं की कॉम्प्रेसर गुदमरतो. अशा वेळी अननुभवी हाताला वाटतं, इंजिनाला जोर कमी पडतोय, थोडं इंधन वाढवू. चुलीची समजूत इथे घात करते. वाढवलेल्या इंधनाने वायू आणखी तापतो, फुगतो आणि कॉम्प्रेसरची वाट आणखी अडवतो.

पहिल्या काही जेट इंजिनांपैकी एकाने हा धडा पहिल्याच दिवशी दिला होता. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमध्ये रग्बी इथे फ्रँक व्हिटल यांनी आपलं इंजिन पहिल्यांदा चालवलं. इंजिन पेटलं आणि हाताबाहेर जाऊन कर्कश आवाज करत वेग घेत सुटलं. इंधनाची झडप बंद केली तरी ते थांबेना. पाहायला जमलेले लोक पळाले. व्हिटल जागचे हलले नाहीत. आधीच आत गळून साचलेल्या इंधनावर इंजिन चाललं होतं, हे नंतर उमगलं. आजही स्टार्टचा एक प्रयत्न फसला, इंधन आत गेलं पण पेटलं नाही, तर ते तळाशी साचतं आणि पुढच्या प्रयत्नात एकदम पेट घेतं. मागच्या बाजूने लांब ज्वाळा निघतात आणि खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाचा थरकाप होतो. आगीची घंटा मात्र वाजत नाही, कारण आग ओळखणारे संवेदक इंजिनाच्या कवचाखाली, बाहेरच्या अंगाला असतात आणि ही आग आतल्या वाटेत असते. यावरचा उपाय पाहा. इंधन तोडायचं आणि स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवत राहायचं, म्हणजे आतून हवा वाहत राहते. हवाच ती आग बाहेर ढकलून विझवते. फसलेल्या स्टार्टनंतरही तेच करतात. ७३७ साठीच्या सूचनेनुसार इंधन बंद करून साठ सेकंद कोरडं फिरवायचं, म्हणजे साचलेलं इंधन निघून जातं आणि आतला धातू निवतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप रायपूरच्या माणसाला सहज सुचेल. इंजिनात शेकडो अंशांचा खेळ चालतो, तिथे बाहेर ३० अंश असले काय आणि ४५ असले काय, पंधरा अंशांनी काय बिघडतं? ही उष्णता नुसती बेरजेने मिळवायची असती तर आक्षेप बरोबर होता. पण हिशोब गुणाकाराचा आहे. इंजिनं ज्या प्रमाण हवेवर मापतात ती १५ अंशांची, निरपेक्ष मापात २८८. माना विमानतळावरची मे महिन्यातली हवा ४५ अंशांची, निरपेक्ष मापात ३१८. दाब तोच धरला तर ती नऊ टक्क्यांहून थोडी अधिक विरळ झाली. विमानतळ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या जरा वर आहे. त्यापायी दाब साडेतीन टक्क्यांनी कमी. दोन्ही मिळून कॉम्प्रेसरच्या प्रत्येक घोटात बारा-तेरा टक्के हवा कमी येते. तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे त्याच फेऱ्यांना कॉम्प्रेसरचं काम पाच टक्के मंद वेगाने फिरल्यासारखं होतं. आणि इंजिनातली तापमानं आत येणाऱ्या हवेच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात सरकतात. प्रमाण दिवशी स्टार्टच्या एखाद्या टप्प्यावर ईजीटी ५०० असेल, तर बाकी सगळं तुल्य धरून माना इथल्या दुपारी तो ढोबळमानाने ५८० च्या घरात जातो. बाहेरच्या ३० अंशांचे आत ८० झाले. वर एपीयू हेसुद्धा एक छोटं टर्बाइन इंजिनच. त्यालाही तीच विरळ हवा मिळते. ज्याने मदत करायची तोच अर्धपोटी. तरीही ऊन हे स्वतः कारण ठरत नाही. निरोगी इंजिन आणि दमदार एपीयू ४५ अंशांतही बिनबोभाट सुरू होतात. ऊन फक्त मर्यादेपर्यंतची सवड कमी करतं, आणि मग आधीपासून असलेली बारीकशी कमजोरी उघडी पडते.

धुळीला दोष देणंही रायपुरात सोपं आहे, उरला-सिलतऱ्याची कारखानदारी डोळ्यांसमोर असल्यामुळे. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मळ बसला की हवा कमी होते हे खरंच, म्हणून तर इंजिनं पाण्याने धुतात. पण प्रवासी विमान इथे तासाभरात परत फिरतं. त्याच्या पात्यांवरचा थर बारा गावचा असतो.

तासाभरात परत फिरणं हीच खरी अडचण, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. नुकतंच बंद केलेलं इंजिन आतून तापलेलं राहतं आणि ती उष्णता नव्या स्टार्टच्या तापमानात भर घालते. याचा एक वेगळाच आविष्कार भारताने २०१६ मध्ये पाहिला. त्या वर्षी मार्चमध्ये इंडिगोकडे प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांची ए३२०निओ विमानं येऊ लागली. पहिलं विमान घ्यायचं होतं कतार एअरवेजला, पण याच इंजिनाच्या तक्रारीवरून त्यांनी ते नाकारलं आणि मान लुफ्तान्साकडे गेला. तक्रार अशी होती: इंजिन बंद झाल्यावर आतली ऊब वर चढते, दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि दांडा केसभर वाकतो. तशात तो वेगाने फिरवला तर पात्यांची टोकं कवचाला घासतात. उपाय म्हणून पेटवण्याआधी इंजिन बराच वेळ नुसतं मंद फिरवायचं, म्हणजे आतून हवा खेळून दोन्ही बाजू सारख्या होतात. स्टार्टला लागणारा वेळ मिनिटांनी वाढला. वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना ते जड गेलं आणि पुढे रचना व संगणकप्रणाली सुधारून तो वेळ कमी करण्यात आला. पण इलाजाचा क्रम तोच राहिला: आधी वारा, मग जाळ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आज हे सगळं संगणक पाहतो. एअरबसचा फॅडेक नावाचा इंजिन-संगणक जमिनीवरच्या स्टार्टमध्ये गडबड दिसताच स्वतः इंधन तोडतो आणि इंजिन कोरडं फिरवतो. ७३७ वर तापमान धोक्याकडे निघालं की ईजीटीच्या आकड्याभोवतीची चौकट लुकलुकते, आणि मर्यादा ओलांडली तर यंत्रणा इंधन व ठिणगी बंद करते. बोइंग ७८७ मध्ये तर हवेचा स्टार्टरच नाही, विजेवरच्या जनरेटरनेच इंजिन फिरवतात. मग एवढी चर्चा कशाला? ही यंत्रणा मोलाची आहे आणि तिने अनेक इंजिनं वाचवली असणार, यात मला शंका नाही. पण ती इंधन तोडू शकते, हवा निर्माण करू शकत नाही. गळकी नळी तिला दुरुस्त करता येत नाही, मागचा वारा फिरवता येत नाही. विमान कोणत्या तोंडाने उभं करायचं, एपीयूची तक्रार किती दिवस पुढे ढकलायची, बाहेरून हवा देणारी गाडी मागवायची की नाही, हे निर्णय माणसंच घेतात. शिवाय सगळी विमानं या वर्गातली नाहीत. राज्य सरकारं मंत्र्या-अधिकाऱ्यांसाठी वापरतात त्या बीचक्राफ्ट किंग एअर बी२०० वर पीटी६ए जातीची टर्बोप्रॉप इंजिनं असतात. तिथे स्टार्टर विजेचा, आणि बाहेरून वीज देणारी गाडी नसलेल्या धावपट्टीवर सगळा भार बॅटरीवर. इंजिन किमान १२ टक्के वेगावर आलं की वैमानिक हाताने इंधन सोडतो आणि काट्यावर नजर ठेवतो. तापमान १,००० अंशांपर्यंत जायला मुभा आहे, पण पाच सेकंदच. बॅटरी दमलेली, दुपार तापलेली, मागच्या उड्डाणाची ऊब आत, आणि बाहेर पाहुणे खोळंबलेले. त्या पाच सेकंदांत संगणकाचं काम त्या माणसाला करायचं असतं.

तिसरा आक्षेप कारखान्यातला जाणकार घेईल, आणि तो सर्वांत विचार करायला लावणारा आहे. पाती मोडतात ती फिरण्याच्या ताणाने. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. स्टार्टच्या वेळी वेग कमी, म्हणजे ताण किरकोळ. मग तापमान चार-सहा सेकंद वर गेलं तर मोठं नुकसान कसं होईल? उत्तर दोन भागांत आहे. टर्बाइनमध्ये फिरणाऱ्या पात्यांच्या आधी स्थिर पात्यांची ओळ असते. तिला फिरण्याचा ताण नसतोच. ती जळून, वाकून किंवा तडकून बिघडते आणि ते स्टार्टमध्येही होऊ शकतं. दुसरं असं, की निकेलच्या या मिश्रधातूंची ताकद त्यांच्या पोटातल्या अतिसूक्ष्म कणांच्या रचनेत असते. धातू फार तापला की हे कण विरघळतात, किंवा एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि धातू थंड झाल्यावर दिसतो पूर्वीसारखाच, पण असतो अशक्त. घाव कमी वेगात बसतो आणि त्याची किंमत पुढे कधीतरी पूर्ण वेगात, टेकऑफच्या ताणाखाली द्यावी लागते. म्हणूनच इंजिन बनवणारे आपल्या पुस्तिकांमध्ये तक्ते देतात. मर्यादा किती अंशांनी आणि किती सेकंद ओलांडली, यावरून नुसती नोंद पुरेल, की बोरोस्कोपची नळी आत घालून पाती तपासायची, की इंजिन उतरवून उघडायचं, हे ठरतं. नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून चालू असलेल्या देखभाल केंद्रासारख्या ठिकाणी इंजिन उघडलं जातं तेव्हा हे जुने घाव उजेडात येतात.

रायपूरकरांना विमानाचं इंजिन बिघडलं म्हटलं की आठवतं ते ७ ऑगस्ट २०१५ ला माना इथे उतरलेलं बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं एमडी-८३. ढाक्याहून मस्कतला निघालेल्या त्या विमानाचं एक इंजिन आकाशात बंद पडलं, प्रवासी सुखरूप उतरले आणि विमान पुढे कित्येक वर्षं इथेच पडून राहिलं. आकाशातल्या अशा बिघाडाची बातमी होते, चौकशी होते. जमिनीवर सहा सेकंद ओलांडलेल्या तापमानाची बातमी होत नाही, आणि व्हायलाही नको. पण त्याची नोंद झालीच पाहिजे. नव्या विमानांत संगणक ती आपोआप करतो. जुन्या आणि छोट्या विमानांत ती वैमानिकाच्या प्रामाणिकपणावर आणि त्याच्या वरिष्ठांच्या वागण्यावर अवलंबून असते. नोंद केली की विमान तपासणीसाठी थांबतं, उड्डाण रद्द होतं, जाब विचारला जातो. नोंद न करण्याचा मोह तिथेच तयार होतो.

म्हणून मला वाटतं, सुधारणा यंत्रापेक्षा वेळापत्रकात अधिक हवी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मासिक अहवालात कंपन्यांच्या वेळ पाळण्याची टक्केवारी छापली जाते आणि कंपन्या ती जाहिरातीत मिरवतात. रद्द करून पुन्हा केलेल्या स्टार्टमुळे झालेला उशीर त्या हिशोबातून वेगळा काढावा. म्हणजे काटा अवघड दिसल्यावर इंधन तोडणाऱ्या वैमानिकाला पाच-सात मिनिटांसाठी कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. एप्रिल ते जून या काळात रायपूर, नागपूर, बिलासपूर, जगदलपूरसारख्या तापणाऱ्या विमानतळांवर दोन उड्डाणांमधला थांबा थोडा वाढवावा आणि एपीयू अशक्त असलेली विमानं दुपारच्या फेऱ्यांना लावू नयेत. सरकारी विमानांच्या बाबतीत तर हे आणखी सोपं आहे, कारण तिथे तिकिटांचं गणितच नाही. बाहेरून वीज देणारी एक गाडी जगदलपूरला आणि एक बिलासपूरला कायम तयार ठेवायला जो खर्च येईल, तो टर्बाइनच्या पात्यांचा एक संच बदलण्याच्या मानाने थोडा आहे. यावर कुणी म्हणेल, की पाहुणे ताटकळतील. ताटकळू द्यावेत.